कलेजी नसलेला ससा

रविवारी सकाळी बेनिल्दा पाव घेऊन घरी परतली, तेव्हा दाराच्या कडीला एक गाठोडं लटकत होतं. निळ्या चौकड्यांचं कापड तिनं गल्लीच्या टोकावरूनच ओळखलं. ते तिच्या आईचं, जेवणाच्या मेजावर घालायचं कापड. आई गेल्यावर भावाबहिणींनी ते मधोमध फाडून वाटून घेतलं होतं. तिचा अर्धा भाग कपाटात घडी घालून ठेवलेला होता. म्हणजे हा दुसरा, सातुरियोकडचा.

सातुरियो तिचा धाकटा भाऊ. दोघांची घरं एकाच गावात, मध्ये फक्त चर्चचं पटांगण. तरी चार वर्षांत तो तिच्या दाराकडे फिरकला नव्हता आणि ती त्याच्या.

तिनं गाठोडं आत नेलं आणि मेजावर ठेवून सोडलं. आत एक ससा होता. कातडं ओढून काढलेलं, पोट साफ केलेलं, अंग धुऊन पुसलेलं. काम इतकं नेटकं की हात कुणाचा ते सांगावं लागत नव्हतं. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. आणि सशाला डोकं नव्हतं.

त्या गावात ससा कुणाला द्यायचा तर डोक्यासकट देतात. युद्धानंतरच्या भुकेच्या वर्षांत मांजरं सोलून ससा म्हणून खपवली जायची, तेव्हा ही रीत पडली. भूक गेली, रीत राहिली. अजूनही बाजारातला खाटीक डोकं ठेवूनच ससा टांगतो आणि गिऱ्हाइकानं सांगितल्यावरच तोडतो. बिनडोक्याचा ससा घरी पाठवणं म्हणजे देणाऱ्यानं तोंड लपवणं.

बेनिल्दानं ससा उलटा करून पोटात पाहिलं. गुर्दे चरबीत जागच्या जागी होते. कलेजी मात्र नव्हती.

आता तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लसणातला ससा त्यांच्याकडे कलेजीशिवाय होतच नाही. आधी कलेजी तेलात परतायची, मग तळलेल्या लसणाबरोबर खलात कुटायची आणि शेवटी रश्शात सोडायची. दाटपणा येतो तो तिनंच. पण ते झालं चवीचं. कलेजीचं दुसरंही एक काम असतं. ती गुळगुळीत आणि गडद लाल असेल तर ससा धडधाकट, पांढरे ठिपके असतील तर आजारी, आणि रंगच भलता असेल तर त्याच्या पोटात काहीतरी वाईट गेलेलं. शिकाऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. बेनिल्दा आणि सातुरियोचे वडील शिकारीच होते.

मग सातुरियोनं नेमकी कलेजीच का काढून घ्यावी?

तिला हा प्रश्न पडायला कारण होतं. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सातुरियोची कुत्री, लुसेरा, मेली होती. बेनिल्दाच्या नवऱ्याच्या, लिआन्द्रोच्या, बदामाच्या शेताच्या बांधावर तिनं काहीतरी खाल्लं आणि घरी पोचायच्या आत तिच्या तोंडाला फेस आला. सातुरियोला मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली. ती कुत्री हेच त्याचं घर होतं. त्या संध्याकाळी तो बारमध्ये गेला, लुसेराचा पट्टा लिआन्द्रोसमोर ठेवला आणि साऱ्या गावादेखत म्हणाला की विष तूच टाकलंस. लिआन्द्रोनं आईची शपथ घेतली. म्हणाला, बाहेरगावचे लोक येतात, कोल्ह्यांसाठी काय काय टाकून जातात, मला काय माहीत? बेनिल्दा नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली. तेव्हापासून सातुरियोनं बंदूक कपाटात ठेवली ती ठेवलीच, आणि लिआन्द्रोला तो पूर्वी ‘दाजी’ म्हणायचा, तो ‘तो माणूस’ म्हणू लागला.

शेजारची ओब्दुलिया पार्सलीची जुडी मागायला आली आणि मेजाजवळ थबकली. बेनिल्दानं सशावर कापड ओढलं, पण ओब्दुलियाच्या नजरेतून त्या गल्लीत आजवर काही सुटलेलं नव्हतं.

“डोकं कुठंय गं त्याचं?” तिनं विचारलं. “शाळेजवळचा तो लाल बोका परवापासून दिसत नाहीये, म्हणून आपलं विचारते.”

“मागचे पाय बघ की. बोक्याला असले पाय असते तर तुझ्या खिडकीतून सॉसेज पळवताना सापडला नसता.”

ओब्दुलियानं पाय पाहिले आणि मांजराचा विषय सोडला. पण मग तिनं बोटानं पोट उघडलं आणि ती गप्प झाली. ओब्दुलिया गप्प झाली की काळजी करावी, असं गावात सगळेच मानत.

“कापड तुझ्या आईचं आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी काही बोलत नाही. पण बारमध्ये सातुरियो काय म्हणाला होता, आठवतंय ना तुला?”

आठवत होतं. त्या घरातही एक दिवस कुणीतरी काहीतरी खाईल, मग लिआन्द्रोला कळेल कसं वाटतं ते, असं तो म्हणाला होता. रागाचं बोलणं म्हणून बेनिल्दानं ते सोडून दिलं होतं. म्हणजे सोडून दिलंय, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

पार्सली घेऊन ओब्दुलिया गेली. बेनिल्दा सशासमोर बसून राहिली. सातुरियोला तिनं कडेवर खेळवलं होतं. लहानपणी चिमणीचं पिल्लू मेलं तरी तो जेवायचा नाही. असा माणूस बहिणीच्या दारात विष टांगेल? नाही. पण चार वर्षं एकटा राहिलेला माणूस आत कसा होत जातो, हे तिनं कुठं पाहिलं होतं? पटांगणातून तो जाताना दिसायचा तो पाठमोरा.

लिआन्द्रो ऑलिव्हच्या झाडांखाली जाळी पसरून दुपारच्या आधी आला. हात धुता धुता त्यानं विचारलं, आज काय बेत आहे. बेनिल्दानं कापड बाजूला केलं आणि कुणी पाठवलंय ते सांगितलं. डोकं नाही आणि कलेजीही नाही, हेही सांगितलं.

नळ तसाच वाहत राहिला. लिआन्द्रोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिला स्पष्ट दिसला.

“टाकून दे,” तो म्हणाला.

तिला नवल वाटलं. हा माणूस कशालाच भिणारा नव्हता. वास मारणारे शिंपले खाऊन वर वाइन पिऊन झोपणारा, आजारपणाची भीती घालणाऱ्या ओब्दुलियाची नक्कल करून सगळ्यांना हसवणारा. तिला वाटलं होतं, तो हसेल आणि म्हणेल, मेव्हण्याला अक्कल आली वाटतं.

“बघते,” ती म्हणाली. “कोंबड्यांना घालीन हवं तर.”

“कोंबड्यांना नको, कुणालाच नको. कुंपणाबाहेरही फेकू नकोस. खोल खड्डा कर आणि वर चुना टाक. नाहीतर कुत्री उकरून काढतात.”

एवढं बोलून तो परत बाहेर गेला. नळ बेनिल्दानं बंद केला.

तिनं सुरी घेतली. ससा पुरायचा की शिजवायचा हे अजून ठरलं नव्हतं, पण हात सवयीनं चालत होते. मागचे पाय वेगळे केले, पाठीचे तुकडे केले, फासळ्या सोडवल्या. मांस गुलाबी होतं, वास रानातल्या झुडपांचा येत होता. वासावरून काही कळत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

अंगणात त्यांचा म्हातारा कुत्रा, बार्बास, उन्हात पडला होता. वास लागताच उठून तो उंबऱ्याशी येऊन बसला. बेनिल्दाच्या हातात फासळीचा छोटा तुकडा होता. एवढासा तुकडा. तासाभरात कळलं असतं. ती वाकली आणि तिनं हात पुढं केला. बार्बासनं शेपूट हलवली आणि तिच्या हाताकडे न बघता आधी तिच्या तोंडाकडे बघितलं.

तिनं हात मागं घेतला. आपण काय करत होतो हे तिला कळलं. मांसाचा तुकडा, भुकेलं कुत्रं आणि लांबून बघत उभा राहिलेला माणूस. बांधावर ज्यानं कुणी हे केलं, त्याला निदान कुत्र्याच्या डोळ्यांत बघावं लागलं नव्हतं.

तुकडा घट्ट मुठीत धरून ती आत आली, आणि लिआन्द्रोचं बोलणं तिला पुन्हा ऐकू आलं. वर चुना टाक, नाहीतर कुत्री उकरून काढतात.

हे याला कसं माहीत? आयुष्यभर त्यांच्याकडे मेलेली कोंबडी उकिरड्यावर गेली होती. चुना घरात असायचा तो भिंतींसाठी; दर मे महिन्यात ती घर पांढरं करायची. लुसेरा मेली त्याच्या पुढच्या मे महिन्यात तिनं पोतं काढलं तर ते निम्मं रिकामं होतं. ओल लागली म्हणून फेकला, असं लिआन्द्रो म्हणाला होता. ओल लागलेल्या चुन्याचे दगडासारखे गठ्ठे होतात, ते कुठंतरी पडलेले दिसायला हवे होते. तिनं तेव्हाही हाच विचार केला होता, आणि मग भिंती रंगवायला लागली होती.

त्याच हिवाळ्यात कोल्ह्यानं कोंबड्या नेणं बंद केलं होतं. हेही तिला आता एकदम आठवलं.

सकाळपासून तिची शंका पटांगण ओलांडून भावाच्या घराकडे जात होती. आता ती वळली आणि घरात येऊन बसली.

बेनिल्दानं मातीचं पसरट भांडं आचेवर ठेवलं. ससा शिजवायचं ठरलं ते त्या क्षणी. पुरला असता तर सगळंच त्याच्याबरोबर पुरलं गेलं असतं.

तिनं तेल भरपूर ओतलं. लसणाचा अख्खा गड्डा घेतला, पाकळ्या सालीसकट तळहातानं दाबून तेलात सोडल्या. साल सोनेरी झाली की लसूण काढून बाजूला ठेवायचा. जळला तर सगळं कडू होतं. मग मीठ लावलेले तुकडे, एकावर एक न ठेवता. एका बाजूला रंग आल्याशिवाय ते उलटायचे नाहीत. आई म्हणायची, ससा हलवू नका, तो स्वतःच सुटतो. वर तमालपत्र, रानातल्या थाइमची काडी, आणि पांढऱ्या वाइनचा पेला. वाफ छताला भिडली.

राहिलं कुटणं. कलेजी नव्हती. तिनं बदाम घेतले, शिळ्या पावाचा तुकडा तेलात तळला आणि लसणाबरोबर खलात टाकला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फार लहानपणी एकदा आईला असंच करताना पाहिलं होतं. तेव्हाही कलेजी नव्हती. का नव्हती, ते तिनं विचारलं नव्हतं.

जेवायला दोघंच होती. लिआन्द्रो आत आला, मेजावरचं भांडं पाहिलं आणि खुर्ची न ओढता उभा राहिला. तिनं त्याला वाढलं, स्वतःला वाढलं, पाव मोडला. तो बसला, पण काट्याला हात लावला नाही. यंदा बदाम बरे झालेत, असं काहीतरी तो पुटपुटला. तिनं मागच्या पायाचा एक तुकडा काट्यावर घेतला आणि तोंडाकडे नेला.

लिआन्द्रोनं तिचं मनगट पकडलं.

“खाऊ नकोस, बेनी.”

“माझ्या भावानं पाठवलाय.”

“म्हणूनच सांगतोय. तुला नाही कळायचं. माणूस असं करू शकतो.”

“सातुरियो नाही करू शकत,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “आज सकाळपासून मी हाच हिशेब मांडतेय. गावात कुणाच्याही मनात आलं नसतं असं तुझ्या मनात लगेच आलं. चुन्यासकट आलं. जे आपण स्वतः केलेलं असतं तेच माणसाला दुसऱ्याच्या हातात दिसतं, लिआन्द्रो.”

त्यानं मनगट सोडलं. तो बोलू लागला ते रश्शाकडे बघत, रश्शालाच सांगितल्यासारखं. कोल्हा रोज येत होता. जत्रेत एका माणसानं पुडी दिली. चरबीच्या गोळ्यांत घालून त्यानं ती बांधावर ठेवली, उजाडायच्या आत उचलून आणायची म्हणून. सकाळी गेला तर कोल्हा मरून पडला होता. उरलेले गोळे आणि कोल्हा त्यानं पुरले, वर चुना टाकला. एक गोळा सापडला नाही. त्याला वाटलं, पावसानं वाहून गेला असेल. संध्याकाळी सातुरियो पट्टा घेऊन आला.

“सांगणार होतो,” तो म्हणाला. “देवाशप्पथ. पण त्यानं सगळ्यांसमोर पट्टा आपटला, आणि माझ्या तोंडातून नाही असं निघून गेलं. एकदा नाही म्हटल्यावर मग...”

त्या एका ‘नाही’साठी तिनं चार वर्षं भावाकडे पाठ फिरवली होती, आणि भिंती रंगवताना काय दिसलं होतं ते कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तिनं काट्यावरचा तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. लिआन्द्रो डोळे विस्फारून बघत होता. ससा मऊ होता, लसूण गोड झाला होता. चव आईच्या हातची नव्हती, पण फार दूरचीही नव्हती.

मग ती उठली, दोन्ही ताटल्यांतलं परत भांड्यात ओतलं, त्यावर झाकण ठेवलं आणि भांडं निळ्या कापडात बांधलं.

“पाव तू घे,” ती म्हणाली.

“मी येऊन काय करू? तो दारात उभं करणार नाही.”

“तर मग दाराबाहेर उभा राहा. पण तूच सांगायचंस. मी एक शब्द बोलणार नाही, तुझ्या बाजूनंही नाही आणि त्याच्याही.”

पटांगण ओलांडताना ओब्दुलियाच्या खिडकीचा पडदा हलला. बेनिल्दा पुढं, भांडं पोटाशी धरून. मागं लिआन्द्रो, पाव काखेत, जणू कुणी त्याला शिक्षेला नेत होतं.

सातुरियोनं दार उघडलं. तो म्हातारा झाला होता. जवळून पाहिल्याशिवाय ते कळलं नव्हतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं, मग कापडाकडे. तिच्या मागं कोण आहे तिकडे त्यानं पाहिलं नाही.

“शिजवलास,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, तू टाकून देशील.”

“डोकं नाही, कलेजी नाही. काय समजायचं होतं मी?”

तो उत्तर देणार तेवढ्यात त्याच्या पायांमधून एक काळं पिल्लू बाहेर आलं. कान अंगापेक्षा मोठे, पंजे अजून स्वतःचे न झालेले. ते बेनिल्दाच्या पायाशी घोटाळलं आणि भांड्याच्या वासानं मागच्या पायांवर उभं राहिलं.

“मोरा,” सातुरियो म्हणाला. “वसंतात आणली, आणि तिच्यासाठी बंदूक पुन्हा बाहेर काढली. काल तिनं पहिला ससा झुडपातून उठवला. पहिल्या सशाचं डोकं आणि कलेजी कुत्र्याची आणि बाकीचा आईकडे, असं बाबा करायचे ना. विसरलीस?” भांड्यावरच्या कापडाकडे बघत तो म्हणाला, “आई नाही. म्हणून तुझ्याकडे.”

बेनिल्दाला स्वयंपाकघरात बदाम कुटणारी आई आठवली. त्या दिवशी अंगणात नवं कुत्रं होतं. तिनं त्या कुत्र्याशी खेळता खेळता दारातून आत पाहिलं होतं, आणि दोन गोष्टी एकमेकींना जोडायचं तिला सुचलं नव्हतं.

मोरा आता लिआन्द्रोकडे गेली होती. त्याचा रिकामा हात खाली लोंबत होता. तिनं तो हुंगला आणि चाटू लागली. लिआन्द्रोनं हात मागं घेतला नाही, हलवलाही नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“सातुरियो,” तो म्हणाला. “लुसेराचं...”

पुढचं येईना. सातुरियोनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वाकून पिल्लाला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं, जसं कुणी मोटारीच्या वाटेतून मूल उचलून घेतं. पण दार लावलं नाही. तो तसाच उंबऱ्यावर ऐकायला उभा राहिला.

बेनिल्दा त्याच्या बाजूनं आत गेली. स्वयंपाकघर तिला ठाऊक होतं, ते आईचंच होतं. तिनं भांडं मंद आचेवर ठेवलं, कारण लसणातला ससा गार झाला की त्याचं तेल थिजतं. कपाटातून तिनं एक ताटली काढून मेजावर ठेवली, मग दुसरी. बाहेर लिआन्द्रोचा आवाज अडखळत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. भावाचा आवाज अजून आला नव्हता. तिसऱ्या ताटलीवर हात ठेवून ती तो ऐकू येण्याची वाट बघत उभी राहिली.